पाटी तीच, बिऱ्हाडं बदलली

सांगलीला इंजिनिअरिंगला असताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. त्यातले दोघं अमेरिकेला गेले आणि तिकडचेच झाले. एक न्यू जर्सीत एडिसनला, दुसरा टेक्सासात डॅलसजवळ. गावाला 'कर' जोडला की आपल्याकडे आडनाव तयार होतं, म्हणून मी त्यांना एडिसनकर आणि डॅलसकर म्हणतो. दोघंही तिथले नागरिक आहेत, मतदार आहेत. एडिसनकर डेमोक्रॅटिक पक्षाचा, डॅलसकर रिपब्लिकन पक्षाचा, आणि दोघंही हट्टी. आमची रविवार सकाळ म्हणजे त्यांची शनिवार रात्र. तेव्हा तिघांचा व्हिडिओ कॉल असतो. पहिली दहा मिनिटं आईवडिलांची औषधं आणि मुलांच्या कॉलेजच्या फिया. मग ते दोघं भांडतात आणि मी चहा पितो.

विषय कुठलाही निघो, गाडी एका स्टेशनावर थांबतेच. डॅलसकर म्हणतो, "अरे, गुलामगिरी संपवली कुणी? लिंकन कुठल्या पक्षाचा? आणि तुझा पक्ष तेव्हा काय करत होता?" एडिसनकर म्हणतो, "तो तुझा पक्ष आता राहिलाय कुठे? दोन्ही पक्षांची नंतर अदलाबदल झाली." एकाला वाटतं दुसरा इतिहास पुसतोय. दुसऱ्याला वाटतं पहिला खापरपणजोबांच्या पुण्याईवर जगतोय.

बरीच वर्षं मी हे करमणूक म्हणून ऐकलं. मग एकदा नीट वाचायला बसलो. दोघंही खरं बोलतात, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कळलं की अमेरिकेत 'पक्ष' म्हणतात ती चीज काय आहे, तेही उलगडतं. पेठेतल्या जुन्या वाड्यासारखं आहे ते. दारावरची पाटी दीडशे वर्षं तीच, आतली बिऱ्हाडं मात्र कधीच बदललेली.

आधी डॅलसकरची बाजू, कारण ती वयाने मोठी आहे. डेमोक्रॅटिक पक्ष जुना, १८२८ च्या सुमारास अँड्र्यू जॅक्सनभोवती उभा राहिलेला. रिपब्लिकन पक्ष १८५४ चा. त्या वर्षी कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या प्रदेशांत गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथल्या वसाहतवाल्यांनीच ठरवावं, असा कायदा झाला. गुलामगिरीचा प्रसार होऊ द्यायचा नाही, या मुद्द्यावर विरोधक एकत्र आले आणि त्यातून हा पक्ष जन्मला. सहा वर्षांत त्यांचा लिंकन अध्यक्ष झाला, तोही जेमतेम चाळीस टक्के मतांवर. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत तर त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. पुढे यादवी युद्ध झालं आणि १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर निवडला गेला. (सिनेट म्हणजे तिथल्या संसदेचं वरिष्ठ सभागृह, प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर.) अर्थातच रिपब्लिकन. दक्षिणेतले गोरे जमीनदार, त्यांचे मतदार आणि त्यांना सामील असलेल्या दहशतवादी टोळ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने होत्या. इथवर डॅलसकरचा शब्द न् शब्द खरा.

एकदा त्याने हुकमाचं पान टाकलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या भल्या लोकांना. डॅलसकर म्हणाला, "म्हणजे कुणाला, सांग? आमच्या लोकांना!" एडिसनकर क्षणभर गप्प झाला. मराठी माणसाला फुल्यांपुढे बोलता येत नाही.

पण फुल्यांनी ती पानं लिहिली त्यानंतर चारच वर्षांत काय झालं, हे डॅलसकर सांगत नाही. १८७६ ची निवडणूक वादात अडकली. महिनोन् महिने घोळ चालला आणि शेवटी रिपब्लिकन हेस अध्यक्ष झाला. त्यानंतर लगेच दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. नुकत्याच मतदार झालेल्या काळ्या माणसाला वाऱ्यावर सोडलं ते त्याला मुक्त करणाऱ्या पक्षानेच. तो पक्ष आता उत्तरेतल्या कारखानदारांचा, रेल्वेवाल्यांचा, आयातकराचा पक्ष होऊ लागला होता. दक्षिणेत डेमोक्रॅट आले. मतदानावर कर, वाचता येतं का याची परीक्षा, आणि परीक्षक गोरा. काळ्यांचं मत कागदावर राहिलं. गोऱ्यांचं मत पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं एकगठ्ठा डेमोक्रॅटिक पक्षाला पडत राहिलं.

आता एडिसनकरची अदलाबदल. तो अशा थाटात सांगतो, की जणू १९६४ मधल्या एका रात्री दोन्ही पक्षांनी सदरे बदलले. तसं झालं नाही. बिऱ्हाडं एकेक करून हलली, आणि पहिलं हललं ते १९६४ च्या तीस वर्षं आधी.

दक्षिणेतून लाखो काळी कुटुंबं शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला आली होती. तिथे त्यांना मत देता येत होतं. १९२९ नंतर महामंदी आली आणि सगळ्यात आधी काम गेलं ते त्यांचं. १९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट हा डेमोक्रॅट आला, त्याने सरकारी कामं काढली, मदत वाटली. १९३६ मध्ये काळ्या मतदारांनी मोठ्या संख्येने लिंकनच्या पक्षाला रामराम ठोकला. आता गंमत बघा. काळ्यांना झुंडीने ठार मारण्याविरुद्धचा कायदा रूझवेल्टने रेटून नेला नव्हता, कारण दक्षिणेतले त्याच्याच पक्षाचे सिनेटर बिथरले असते. म्हणजे हे बिऱ्हाड हललं ते नागरी हक्कांसाठी नव्हे, चुलीसाठी. 'अदलाबदल' या एका शब्दात ही गोष्ट बसत नाही, आणि एडिसनकर ती नेहमी गाळतो.

याचा परिणाम असा, की एकाच वाड्यात काळा मजूर आणि त्याला माणूस न मानणारा दक्षिणेतला गोरा, दोघंही भाडेकरू झाले. असं किती दिवस चालणार? १९४८ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रुमनने सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा हुकूम काढला, पक्षाने नागरी हक्कांचा ठराव केला. दक्षिणेतले नेते उठून गेले. साउथ कॅरोलायनाचा गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड वेगळी चूल मांडून अध्यक्षपदाला उभा राहिला आणि त्याने चार राज्यं जिंकली. (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. मुख्यमंत्रीच म्हणा, फक्त थेट निवडून आलेला.) थर्मंड हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि मग १९६४ चा नागरी हक्क कायदा, दुकानं, हॉटेलं आणि नोकऱ्यांतला वर्णभेद बंद करणारा. या कायद्याच्या मतदानाचे आकडे दोघांनाही पाठ आहेत, आणि दोघंही आपापल्या सोयीचे वाचतात. सिनेटमध्ये तो ७३ विरुद्ध २७ ने मंजूर झाला. रिपब्लिकनांपैकी २७ बाजूने, ६ विरोधात. डेमोक्रॅटांपैकी ४६ बाजूने, २१ विरोधात. डॅलसकर टेबलावर बोट आपटतो. बघ, टक्केवारीत आम्ही पुढे! बरोबरच आहे. इलिनॉयचा एव्हरेट डर्कसन हा रिपब्लिकन नेता मतं जुळवायला उभा राहिला नसता, तर दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी महिनोन् महिने भाषणं करून हा कायदा तिथेच जिरवला असता.

आता पक्षाचं लेबल बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. यादवी युद्धात फुटून निघालेली दक्षिणेतली अकरा राज्यं, त्यांचे सिनेटर बावीस. त्यातल्या किती जणांनी कायद्याच्या बाजूने मत दिलं? एकाने. टेक्सासच्या राल्फ यारबरोने, जो डेमोक्रॅट होता. दक्षिणेत तेव्हा रिपब्लिकन सिनेटरही एकच होता, तोही टेक्सासचाच, जॉन टॉवर. त्याने विरोधात मत दिलं. उरलेल्या देशात डेमोक्रॅट ४५ बाजूने आणि १ विरोधात, रिपब्लिकन २७ बाजूने आणि ५ विरोधात. म्हणजे कोण कुठे बसलंय हे पक्षाने ठरवलंच नव्हतं, प्रांताने ठरवलं होतं. रिपब्लिकनांची टक्केवारी चांगली दिसते कारण त्यांचं दक्षिणेत दुकानच नव्हतं. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडून दाखवलं तेव्हा दोघंही माझ्यावरच चिडले.

कायद्यावर सही केली लिंडन जॉन्सनने. डेमोक्रॅट, टेक्सासचा. त्याच वर्षी रिपब्लिकनांनी अध्यक्षपदासाठी उभा केला बॅरी गोल्डवॉटर, त्या सहा विरोधकांपैकी एक. डॅलसकर इथे हटकून सांगतो, की गोल्डवॉटर वर्णद्वेष्टा नव्हता. आधीच्या नागरी हक्क कायद्यांना त्याने पाठिंबा दिला होता, आणि या वेळचा त्याचा आक्षेप होता तो खासगी दुकानदाराने कुणाला आत घ्यावं हे केंद्र सरकारने सांगण्याला. तेही खरंय. पण मतदाराने ऐकलं ते त्याला हवं तेच. गोल्डवॉटर देशभर आपटला. जिंकला फक्त सहा राज्यं: स्वतःचं ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच. मिसिसिपीत त्याला ८७ टक्के मतं पडली, तीही लिंकनच्या पक्षाच्या पाटीखाली.

यानंतरही रातोरात काही झालं नाही, आणि हा मुद्दा डॅलसकरच्या पारड्यात टाकावा लागतो. १९७६ मध्ये जॉर्जियाचा जिमी कार्टर उभा राहिला तेव्हा व्हर्जिनिया सोडून सगळी दक्षिण डेमोक्रॅटिक पक्षाकडे परत आली. टेक्सासने डेमोक्रॅट अध्यक्षाला मत दिलं ते त्या वर्षी शेवटचं. टेक्सासच्या गव्हर्नरच्या खुर्चीवर १९९५ उजाडेपर्यंत ॲन रिचर्ड्स ही डेमोक्रॅट बाई होती, तिला धाकट्या बुशने हरवलं. राज्याचं कनिष्ठ सभागृह रिपब्लिकनांकडे गेलं ते २००३ मध्ये. आजोबांनी शेवटपर्यंत जुन्याच पक्षाला मत दिलं, बापाने अध्यक्षपदाला एक आणि स्थानिक निवडणुकीला दुसरा पक्ष धरला, नातू नव्या पक्षातच वाढला. अशा तीन पिढ्या लागल्या. मधल्या काळात इतरही कारणं साचत गेली. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, चर्चला जाणारा वर्ग हळूहळू रिपब्लिकनांकडे सरकला. दक्षिणेत कारखाने आले, उपनगरं वाढली, कर कमी हवा म्हणणारा मध्यमवर्ग आला. निव्वळ वंशद्वेषाने सगळं समजावता येत नाही. पण तो वगळून तर मुळीच येत नाही, असं माझं मत. त्यावर डॅलसकर म्हणतो, "तू चहा पी."

मूळ प्रश्न आता येतो. एखाद्या पक्षात असं होऊच कसं शकतं? आपल्याकडे पक्ष फुटतात, पळवले जातात, चिन्हासाठी कोर्टात जातात, सगळं आपण पाहिलंय. पण तिकडे पक्षाच्या दाराला कडीच नाही. आपल्याकडे उमेदवारी कशी मिळते? पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि शेवटच्या दिवशी एबी फॉर्म हातात पडतो. किंवा पडत नाही. अमेरिकेत एबी फॉर्म देणारा कुणी नसतो. पक्षाचा उमेदवार कोण, हे 'प्रायमरी' नावाच्या आधीच्या निवडणुकीत साधे मतदार ठरवतात. वर्गणी भरून सदस्य व्हावं लागत नाही. न्यू जर्सीत मतदार नोंदणीच्या वेळी पक्ष लिहिता येतो. टेक्सासात तेवढंही नाही, प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. डॅलसकरने मनात आणलं तर तो डेमोक्रॅटांचा उमेदवार ठरवायला जाऊ शकतो. (एकदा गेला होता, असा एडिसनकरचा संशय आहे.)

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेत डेमोक्रॅट खासदार म्हणून गेले ते २०२२ ची निवडणूक जिंकून. त्याआधी २०१८ मध्ये ते थेट गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले होते, स्वतःच्या खिशातले पैसे ओतून, आणि हरले होते. कुणाच्या बंगल्यावर खेटे घालावे लागले नाहीत. डेट्रॉइटच्या जागेवर उमेदवारांच्या गर्दीत ते पहिले आले आणि तिकीट त्यांचं झालं. पैसा असला की हे दार किती सहज उघडतं, हा या पद्धतीवरचा आक्षेपही याच उदाहरणात दिसतो.

अध्यक्षपदाचंही तसंच, पण तिथे हे उशिरा आलं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटांचा उमेदवार झाला. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर लाठ्या चालल्या. त्यानंतर नियम बदलले आणि निवड मतदारांच्या हातात गेली. म्हणूनच २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षातल्या बहुतेक जुन्या नेत्यांना नको असलेले डॉनल्ड ट्रम्प उमेदवार झाले. पक्षाला त्यांना अडवता आलं नाही, कारण अडवायला दारवान नव्हता. हेच ट्रम्प काही वर्षं डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले होते. रोनाल्ड रेगन १९६२ पर्यंत डेमोक्रॅट होते. आणि १९६४ मध्ये शाळकरी हिलरी क्लिंटन गोल्डवॉटरच्या प्रचारात होत्या. हे शेवटचं डॅलसकर महिन्यातून एकदा तरी सांगतोच.

निवडून आल्यावरही पक्षाचा हात सैलच. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हीप मोडला तर आमदारकी, खासदारकी जाऊ शकते. तिथे 'व्हिप' नावाचा पदाधिकारी आहे, पण तो समजावू शकतो, रुसू शकतो, घालवू शकत नाही. जुलै २०१७ मध्ये ओबामांची आरोग्यविमा योजना मोडीत काढण्याचा स्वतःच्याच पक्षाचा बेत रिपब्लिकन जॉन मॅकेनने हाताचा अंगठा खाली करून उधळला. ५१ विरुद्ध ४९. मृत्यूपर्यंत तो रिपब्लिकन सिनेटरच राहिला.

हे सगळं ऐकून वाटेल, की असा सैल पक्ष असल्यावर लोकांनी इतकं हातघाईवर यायचं कारण काय? पूर्वी येतही नव्हते. दोन्ही वाड्यांत दोन्ही प्रकारचे लोक राहायचे. पर्यावरण रक्षणाची केंद्रीय संस्था १९७० मध्ये स्थापन केली ती रिपब्लिकन निक्सनने. उदारमतवादी रिपब्लिकन होते, सनातनी डेमोक्रॅट होते, म्हणून कायदे पक्ष ओलांडून व्हायचे. १९६४ चा कायदा तसाच झाला. दक्षिण पूर्ण हलल्यावर मात्र बिऱ्हाडांची नीट वाटणी झाली. एक वाडा सगळा एका विचाराचा, दुसरा सगळा दुसऱ्या. २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा झाला तेव्हा एकाही रिपब्लिकनाने त्याला मत दिलं नाही. पक्ष कळला की माणसाचं बंदुकीपासून गर्भपातापर्यंत सगळ्यावरचं मत ओळखता येतं, असे दिवस आले. माझ्या मित्रांची भांडणं गेल्या दहा-पंधरा वर्षांत कडवट झाली, त्यात त्यांच्या वयाचा वाटा आहेच, पण या वाटणीचाही आहे.

रंगांची गोष्टही याच काळातली. रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे हे पक्कं झालं ते २००० च्या निवडणुकीत, टीव्हीवरच्या नकाशांमुळे. त्याआधी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग भरायच्या. आपल्याला हे उलटंच वाटतं. लाल म्हटलं की आपल्यासमोर लाल बावटा येतो. आणि महाराष्ट्रात 'रिपब्लिकन' म्हटलं की बाबासाहेबांच्या संकल्पनेतला, १९५७ मध्ये स्थापन झालेला पक्ष आणि त्याचा निळा झेंडा. माझ्या आईने एकदा डॅलसकरला सरळ विचारलं, "तू रिपब्लिकन आहेस ना, मग निळ्या राज्यात का नाही राहत?" त्याला उत्तर देता आलं नाही. मला आजही येत नाही.

राहिला थर्मंड. १९५७ मध्ये एका नागरी हक्क कायद्याविरुद्ध तो सिनेटमध्ये एकटा २४ तास १८ मिनिटं बोलला. तिथे बोलणाऱ्याला थांबवणं अवघड, म्हणून विधेयक अडवायला हा मार्ग वापरतात. १९६४ मध्ये तो पक्ष बदलून रिपब्लिकन झाला आणि २००३ पर्यंत सिनेटर होता. एडिसनकरसाठी अदलाबदलीचा याहून चांगला पुरावा नाही. डॅलसकरकडे उत्तर तयार असतं: वेस्ट व्हर्जिनियाचा रॉबर्ट बर्ड. तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेष्ट्या दहशतवादी संघटनेत होता, १९६४ मध्ये कायद्याविरुद्ध चौदा तास बोलला, आणि २०१० मध्ये मरेपर्यंत डेमोक्रॅटच राहिला. क्लॅनमध्ये गेल्याबद्दल त्याने पुढे पुन्हा पुन्हा माफी मागितली, हे एडिसनकर जोडतो.

थर्मंडचा तो विक्रम जवळजवळ ६८ वर्षं टिकला. तो मोडला १ एप्रिल २०२५ रोजी, २५ तास ५ मिनिटं बोलून, न्यू जर्सीचे काळे डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकर यांनी. एडिसनकरने रात्रभर जागून पाहिलं. त्या रविवारी कॉल लागल्या लागल्या, औषधं आणि फिया बाजूला ठेवून, तो म्हणाला, "पाहिलंस? थर्मंडला पुसून टाकला."

डॅलसकरने शांतपणे कपातला घोट घेतला. "पाहिलं. चांगलं बोलला. मला फक्त एवढंच सांग, १९५७ मध्ये थर्मंड कुठल्या पक्षात होता?"

मी दुसरा चहा टाकायला उठलो.